पाण्याच्या त्या टोकाला

तिकीट पुरीचं होतं.
एकोणीस वर्षं नळयोजनेचा व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला
एकदा समुद्र बघावासा वाटला
तर त्यात वावगं काय?
सरपंचबाईंनी रजेवर सही केली.
किल्ली रूपलालच्या पोराकडे दिली,
साडेतीन आटे, वर एक नाही,
हे तीनदा बजावलं,

आणि तुमसर रोडच्या फलाटावर, रात्री दोनला,
भोंग्यातली बाई म्हणाली, गाडी रद्द आहे.
गैरसोयीबद्दल तिला खेद होता.
मलाही होता.

पहाटेच्या बसमधून एक फाटा आधीच उतरलो.
ओळखीच्या टपरीसमोर कोरी बॅग घेऊन
कुठल्या तोंडानं उतरायचं?
"का गा डोमाजी, आटोपला का समुद्र?"

म्हणून मामा तलावाच्या पाळीवरून निघालो,
जिकडून गावात फक्त ढोरं येतात
आणि एखाद्या रात्री कोल्हा.

इकडून मी गाव पाहिलंच नव्हतं.
बांबूच्या रांजीआड टाकी, माझी टाकी,
केवढीशी!
आणि तलावात ती उलटी उभी,
लोखंडी शिडी खाली, खाली, गाळापर्यंत गेलेली.
याच शिडीनं मी वर चढत आलो इतकी वर्षं.
एक पाणकावळा पोहत आला
आणि शिडी मोडून निघून गेला.
थांबलो.
पायरी पायरीनं ती परत जुळली.

धान कापून झालेलं, बांध्यांमध्ये लाखोळी.
लाखोळी म्हणजे डाळ, म्हणजे पायलीचा भाव,
म्हणजे बायको आणि तिच्या भावाचं एक जुनं भांडण.
निळी असते, हेही ठाऊक होतंच की.
पण बॅग धुऱ्यावर ठेवून,
उकिडवं बसून,
डोळे फुलाच्या उंचीला आणले
तर निळ्यात आणखी एक निळी रेघ निघाली,
पेन चालतो का बघायला
कुणी वहीच्या कोपऱ्यात ओढावी तशी.

पाळीच्या टोकाला कान्हू धिवर जाळं सांधत होता.
डोळ्यांत मोतीबिंदू, बोटांत नाही.
पावलं ऐकून म्हणाला,
"कोन्या गावचे जी, पावने?"
नाव सांगायला तोंड उघडलं
आणि कसं कोण जाणे, म्हणालो, "लांबचा."
"बसा मंग. गाव आमचं बेस आहे.
उन्हाऱ्यात गरमते, पन पानी टाइमावर येते.
नळवाला आहे जरा कटकट्या,
बोलाले गेलं का अंगावर येते.
पन पानी टाइमावर."
त्यानं बिडी पुढे केली.
मी ओढत नाही. ओढली.

साडेसहाला गल्लीत शिरलो.
इतकी वर्षं या वेळेला मी पाण्याच्या अलीकडच्या टोकाला असतो,
हाताखाली गार चाक,
जमिनीत एक घुमणं, बस.
मला माहीतच नव्हतं की नळ आधी खोकतो.
दोनदा खोकला, थोडा गंज थुंकला,
मग हवेची एक लांब शीळ,
आणि शीळ ऐकताच गल्लीभर दारं उघडली.
रांगेतली पहिली घागर जाड आवाजात बोलायला लागली
आणि भरता भरता आवाज बारीक होत गेला,
गळ्याशी आला, संपला.
दुसरी पितळेची, तिचा सूर वेगळा.
एक पोरगी नुसतीच हात धरून उभी,
भांडं नाही, काही नाही,
धार तळहातावर फुटताना बघत.

पोरानं चार आटे फिरवले होते.
धारेवरून कळत होतं.
खालच्या टोलीला कमी पडणार आता,
ओरडायला हवं होतं मी,
किल्ली काढून घ्यायला हवी होती.
वाहून चाललेलं पाणी एका कोंबडीपर्यंत पोचलं.
ती एक पाय वर घेऊन
विचार करत उभी राहिली.
मीसुद्धा.

मागून कुणी घाईत म्हणालं,
"पावने, सरका ना जी बाजूला,
घागर लागू द्या."

सरकलो.