साठ पानांची जुळणी

भोसरीला मी सुट्या भागांची जुळणी करतो.
आठ तास. बेअरिंग, बुश, सर्कलिप.
रविवारी नळ स्टॉपजवळ,
चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत,
जिथं दारावरच लिहिलंय :
तेलकट हातांनी पानं हाताळू नयेत,
हाताळल्यास विकत घ्यावीत.

इथला खेळ स्वस्तातला.
फक्त काळ्या खुणेची पानं चालतात,
म्हणजे पाकीट फोडल्यावर
पोरं जी टेबलावरच टाकून जातात, ती.
घरी म्हणालो, दोन हजारांत भागेल.
ती म्हणाली, कशाचं?
म्हणालो, पत्त्यांचं.
मग बराच वेळ कुकरच बोलत होता.

जॉब कार्डाच्या पाठीवर तीन डेक उतरवून घेतले.
पहिला तिसऱ्याच पाळीत डाव संपवतो,
जमला तर.
नाही जमला, तर हातात सात पानं धरून
चुकीच्या लग्नात जेवायला बसल्यासारखं.
दुसऱ्यात एक पान साडेतीनशेला,
आणि तसली चार लागतात.
खूण त्याचीही काळीच,
पण कुठं कुणी जिंकलं त्याच्यावर
आणि भाव चढला, कोथिंबिरीचा चढतो तसा.

तिसरा संथ.
उपाशी कारागीर, विहिरीवरची घंटा, मागे फिरणारी सावली.
कारागीर एक ठिणगी पाडतो आणि मरतो.
घंटा वाजते.
सावली त्याला हाताला धरून परत आणते.
तो पुन्हा ठिणगी पाडतो, पुन्हा मरतो,
पुन्हा घंटा.
एकेकटं बघाल तर
कारागीर दहा रुपयांना तीन,
घंटा नुसती वाजते,
आणि सावली लोक पुस्तकात खूण म्हणून घालतात.

झुबेर लाल पानं खेळतो, सरळ, धडाधड.
म्हणाला, तुमची मांडामांड होईस्तोवर
माझं जेवून हात धुऊन होईल.

शाल्मली अकरावीत आहे,
खेळताना ओठ न हलवता मोजते.
ती म्हणाली, काका, जिंकायचं कसं
ते सगळेच बघून घेतात.
तुम्हाला कसं हरलेलं चालेल
ते ठरवा, आणि तो डेक घ्या.

पूर्ण आठवडा मशीनवर हेच.
झटकन हरणं मला येत नाही,
महागात हरणं परवडत नाही.
पण एका सर्कलिपसाठी
रात्रभर अडून बसलेला गिअरबॉक्स
मला ओळखीचा आहे.
त्याच्याशेजारी चहा पिता येतो.

घंटा तीनच मिळाल्या.
चौथी शाल्मलीनं दिली, उसनी,
संध्याकाळी परत, वाकवायची नाही.

पहिले दोन डाव तसाच हरलो,
दोन भाग हातात, तिसरा तळाशी.
तिसऱ्यात झुबेर समोर.
माझे प्राण चार उरलेले,
आणि सावली आली.
हातच थरथरला, नवख्या पोरासारखा.

झुबेर म्हणाला, किती वेळा?
इथं अनंत चालत नाही,
आकडा सांगावा लागतो.
म्हणालो, चारशे बारा.
शनिवारी आमच्या लाइनवरून तेवढे नग गेले होते.
त्याचे प्राण तेरा.
म्हणाला, बाकीचे तीनशे नव्व्याण्णव
घरी घेऊन जा, पोळीशी खा.
खोलीभर हसू. मीही हसलो.

चौथा डाव हरलो. त्याचं काही नाही.

जिन्यात शाल्मलीला घंटा परत केली.
तिनं ती उजेडाकडे धरून कडा तपासल्या,
हो म्हणाली, रिक्षात बसली.

बस पाऊण तास आली नाही.
स्टॉपवर डेक काढला, मोजला,
एकोणसाठ.
साठाला एक कमी, नियमात बसत नाही,
कुणाशी मांडता येत नाही.
शेजारच्या बाई विचारत होत्या, भोसरी गेली का?
नाही म्हणालो,
आणि पिसत राहिलो.