निव्वळ वजन

दिवाळी सरल्यावर साडूची वॅगनार मागून घेतली
दोन दिवसांसाठी, टाकी भरून परत द्यायच्या बोलीवर.
जालना सोडलं तेव्हा सळईच्या कारखान्यांचा धूर
अजून जमिनीलगतच लोळत होता
आणि वजनकाट्यावर माझ्या जागी बसवलेला पोरगा
फोनवर विचारत होता, पावतीचा रोल कुठंय.

मागच्या सीटवर यशो. साडेचार वर्षांची.
तिनं डोंगर फक्त वहीत काढलेला:
दोन त्रिकोण, मधून डोकावणारा सूर्य
आणि पायथ्याशी एक गॅसचं सिलिंडर.
हे कामून, विचारलं तर म्हणाली,
डोंगराला चहा लागत नाही का?

शहरात घाटी दवाखान्याच्या फाटकासमोरच सिग्नल लागला.
प्रज्ञानं काच वर केली.
आम्ही दोघंही समोरच्या रिक्षाचा नंबर वाचत बसलो.
इथंच, काचेच्या पेटीत,
एक किलो एकशेऐंशी ग्रॅम.
रोज सकाळी सिस्टर वजन करायची,
आणि ज्याच्या काट्याला दहा किलोखालचं काही दिसतच नाही
असा मी
ग्रॅम मोजायला शिकलो.
आज अठरा वाढले.
आज नऊ घटले, म्हणून जेवण नाही.
मागून हॉर्न वाजला. हिरवा होऊन बराच वेळ झाला होता.

दौलताबादपुढं सीताफळांच्या पाट्या.
खुलताबादेच्या वळणावर यशो ओकली:
सीताफळ, बिस्कीट, आणि मी सांगत होतो ती अर्धी गोष्ट.
प्रज्ञानं बाटलीच्या पाण्यानं फ्रॉक धुतला,
खिडकीत धरला,
आणि तो फडफडत आमच्या आधी घाट चढला.

म्हैसमाळ. उतरलो.
सपाट माळ, गुडघ्याएवढं पिवळं गवत, टॉवर,
मक्याची कणसं, एक कंटाळलेला घोडा.
यशो जागच्या जागी गोल फिरली.
"पप्पा, डोंगर कुठंय?"
"आपण त्याच्यावरच उभे आहोत."
"मग दिसत कामून नाही?"
कड्याच्या रेलिंगपाशी नेलं, उचलून धरलं.
शेतं, तळं, लाल एसटी, तांदळाएवढी.
"हे तर खालचं आहे," ती म्हणाली. "डोंगर दाखवा."
आणि तिनं भोकाड पसरलं, त्या दोन त्रिकोणांसाठी,
सगळ्या पॉइंटवर ऐकू जाईल असं.
घोडेवाले कादरभाई म्हणाले, पन्नास रुपयात पूर्ण डोंगर फिरवतो.
घोड्याला चष्मा नाही म्हणून तिनं नकार दिला.

उन्हं उतरताना पायवाटेनं बरंच खाली गेलो.
मागं वळल्यावर तो होता.
त्रिकोण नव्हे. कुशीवर निजलेल्या म्हशीसारखा,
बरगड्या दिसणारा, काळाकभिन्न.
यशो गप्प. मग धंद्याचं बोलली:
"ह्याचं वजन किती?"
मी सांगितलं, आधी भरलेली गाडी मोजायची,
मग रिकामी. वजा केलं की उरतं ते निव्वळ.
"पण हा काट्यावर चढणार नाही, माय."
"मग थोडा थोडा नेऊ,"
तिनं माझ्या खिशात एक दगड टाकला. दुसरा टाकला.

परतीच्या चढावर खांद्यावरच झोपली.
झोपलेलं पोर जड होतं
असं कुठलाच काटा म्हणणार नाही.
मी पंधरा वर्षं काट्यावर आहे. होतं.
अर्ध्या चढावर धाप लागली, मांड्या थरथरल्या,
"द्या इकडं," प्रज्ञा म्हणाली.
मी नको म्हणालो.
थोडं थांबलो, आणि नको म्हणालो.

सोमवारी पहिला ट्रक यायच्या आधी
दोन्ही दगड काट्याच्या प्लेटवर ठेवले.
पडद्यावर शून्य.
तरी पावती फाडली.
गाडी नंबर: यशो. माल: डोंगर.
निव्वळचा रकाना कोरा ठेवून घरी नेली.
तिनं जीभ बाहेर काढून
तिथं एक उलटा सात लिहिला.
मी खाली सही केली.
शिक्का काट्यावरच राहिला होता.