आढळ

माहितीफलकावर पक्ष्यांच्या रेघा आहेत,
सैबेरियातून सुटलेल्या, आफ्रिकेत उतरणाऱ्या,
मधे जॉर्डनवर जराशा टेकलेल्या.
माशाला रेघ नाही.
टाचणी टोचली
तर तिच्या डोक्याखाली
त्याचा अख्खा मुलूख झाकला जातो.

मोवसार पहाटेच पिंजरे उचलतो.
त्याचा चेचेन पणजोबा कॉकेशसहून बैलगाडी हाकत आला.
उत्तरेला आम्ही द्रुझ, आम्हीही डोंगर उतरूनच आलेलो.
पलीकडे वाळूत पांढऱ्या पत्र्यांची छावणी,
तिथल्या जुमानाला शाळेत विचारतात, मूळ गाव?
ती होम्समधल्या एका बेकरीचं नाव सांगते.

इथलाच म्हणावा असा हा एकटा.
बोटाच्या दोन पेरांएवढा.
नराला काळे-रुपेरी पट्टे,
मादी म्हणजे कुणी टाक झटकल्यासारखी.

पाणी अम्मानला गेलं.
कुणी चोरलं नाही, रीतसर नळातून गेलं.
तिथे कुणी भांडी घासली, कुणी बाळ न्हाऊ घातलं.
रागवायचं कुणावर?
मोवसार सोळा वर्षांचा होता तेव्हा झरा गप्प झाला.
म्हशी चिखलाच्या भेगा हुंगत उभ्या राहिल्या,
आणि वाळल्या लव्हाळ्याखाली
जमीन आतल्या आत धुमसत राहिली, कितीतरी दिवस.

आता पंपाने थोडं परत देतात.
उसनं, मोजून.

आज पिंजऱ्यात एकतीस टिलापिया,
कुणीतरी कधीतरी आणून सोडलेले, गलेलठ्ठ.
आपले तीन.
"परके" म्हणताना मोवसार अडखळतो.
हा शब्द त्याच्या वडिलांनी भर बाजारात ऐकलेला.
टिलापिया तो घरी नेतो, तळतो, वर लिंबू पिळतो.
मला म्हणतो, ये जेवायला,
पुरावा संपवायला माणसं हवीत.

तिघांना ओंजळीतून सोडताना
तो चेचेनमध्ये काहीतरी पुटपुटतो.
एकदा मी विचारलं, दुआ का?
छे, म्हणाला,
त्यांना सांगतो, आतून कडी लावा.

वहीत मी लिहिते: नर एक, माद्या दोन.
खाली रकाना: आढळ.
अझ्रक, लिहिते मी, आणि पूर्णविराम देते.
बोटं ओली असतात.
शाई फुटते,
शेजारच्या रकान्यात जाते.