सातवी पत्रिका

सावद्याच्या आठवडे बाजारात
जुन्या पुस्तकांच्या गोणपाटावर
तीस रुपयांत मिळाला हा संच:
बीजगणिताच्या दहा सराव पत्रिका,
कव्हर नाही, उत्तरसूची फाडलेली.
पहिल्या पानावरचं नाव ब्लेडनं खरवडलेलं,
पण कागद उजेडात तिरका धरला की वाचता येतं:
कु. योजना तोताराम फिरके, दहावी ब.

पहिल्या सहा तिनं पेन्सिलीनं सोडवलेल्या.
मी दोन दिवस खोडरबर घेऊन बसले,
मांडीवर काळ्या अळ्यांचा ढीग.
आकडे गेले, चरे राहिले.
दाबून लिहायची बाई.
माझी पेन्सिल तिच्या चर्‍यांत आपोआप घसरायची,
आणि तिसरीतल्या चौथ्या प्रश्नाला
तिची चूक मी जशीच्या तशी केली:
सात सत्ते सत्तेचाळीस.

सातवी मात्र जवळजवळ कोरी.
एकच गणित सोडवलेलं, तेही आगगाडीचं.
एक गाडी एकसमान वेगाने ३६० किमी जाते.
वेग ताशी ५ किमी जास्त असता, तर ४८ मिनिटे कमी लागली असती.
मला हसू आलं.
एकसमान म्हणे!
आमची पॅसेंजर निंभोर्‍याला बाजूला घेतात,
मेल जाते, मग मालगाडी जाते, मग अजून एक मेल,
तोवर चहावाल्याची किटली दोनदा भरून येते.

खाली तिची मांडणी, नेटकी, पायरीपायरीनं,
दोन कंस,
मग x बरोबर वजा पन्नास,
आणि तिथं कागदाला भोक.
इतकं खोडलेलं, की त्यातून पुढच्या पत्रिकेची सूचना दिसत होती:
सर्व प्रश्न सोडविणे आवश्यक.

मी मनातल्या मनात तिचं लग्न लावून टाकलं.
मग टायफॉइड. मग बापाची बदली.
आत्या म्हणाली, "तोतारामची योजना?
ते तं केळीच्या कोल्ड स्टोरेजवर खोके मोजते."

बाहेर फेब्रुवारीतच डोळे दिपवणारं ऊन,
आत तिच्या अंगात मरून स्वेटर.
मी विचारलं, सातवी का सोडली?
तेहतीस, चौतीस, ती मोजतच होती,
मग म्हणाली, "गाडी उलटी चालली व्हती वं.
तीनदा केलं, तीनदा उलटी.
म्हटलं, आपल्याले येतच नाही हे."
जरा थांबून, मी न विचारताच:
"चौदा पडले. चाळीसपैकी."

मी पान पुढं केलं, भोकाच्या वरची ओळ.
"ताई, दुसरा कंस राहिला."
कानामागची पेन्सिल काढून
तिनं खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलं, दाबून,
x वजा पंचेचाळीस,
आणि त्याकडं बघत राहिली.
"मंग माझं बरोबर व्हतं?"
"हो. वेग ऋण नसतो, म्हणून ती किंमत सोडायची.
एवढंच लिहायचं होतं खाली."
"एवढंच?"

ट्रकवाल्यानं हॉर्न दिला.
ती कुठवर आली होती ते विसरली,
आणि एकपासून पुन्हा मोजायला लागली.
तो खोका कुणीतरी उचलला,
दिल्लीच्या गाडीत चढवला,
पंचेचाळीस बाहेरच्या बाजूला.

रात्री घड्याळ लावून आठवीला बसले.
लाइट गेली तेवढी वीस मिनिटं वेळेत धरली नाहीत,
सरांना सांगणार नाही.
पाचव्या प्रश्नात मुलाचं वय वजा चार आलं.
खोडरबर खिडकीत होता, हात पोचेल इतक्यावर.
तिथंच राहू दिला.
वजा चारच्या शेजारी, उजवीकडं,
थोडी जागा सोडली,
आणि आईला म्हटलं,
चिमणी अजून विझवू नको.