दोन जीबीचा पहारा

गोळीबार चौकातून आत वळलं की तिसरं शटर.
'अर्ज, झेरॉक्स, टंकलेखन', त्यातला 'झ' उन्हानं उडालेला.
आत मी आणि माझा डबा:
दोन जीबी रॅम, वय चौदा.
चालू केला की आधी खोकतो,
मग निळं कडं फिरत राहतं, फिरतच राहतं,
तोवर मी कूलरमध्ये दोन बादल्या ओतून येते.

शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखेचा आदला दिवस.
बाकावर अकरा जण,
कुहीहून आलेली एक मुलगी, दाखले दुधाच्या पिशवीत.
मी 'सबमिट' दाबलं आणि बाण जागच्या जागी गोठला.
"काय होऊन राहिलं, ताई?"
काय सांगू. आत झडती चालू होती.
"उद्या ये," म्हटलं. बसचं तिकीट तिनं मुठीत चुरगाळलं.

रात्री टास्क मॅनेजर उघडला,
किराण्याच्या उधारीसारखी यादी वाचली.
माझ्या टायपिंगला ऐंशी एमबी.
पहारेकऱ्याला आठशे.
आणि खाली, भलत्याच नावानं, आणखी एक पहारेकरी,
मागच्या मेकॅनिकनं फुकटात टाकून दिलेला,
मुदत संपलेला, तरी ड्यूटीवर.
मी उघडलेली प्रत्येक फाइल
आधी हा हुंगणार, मग तो,
मग याला संशय, त्यानं का हुंगली.

फोनवर चेतन निखारे म्हणाला, "दोन्ही उडवा ना.
तुमच्या डब्यात चोरासारखं आहे तरी काय?"
आहे.
लोकांचे आधार नंबर आहेत, अंगठे आहेत,
उत्पन्नाचे खरेखोटे आकडे आहेत.
आणि एकदा एका पेनड्राइव्हनं
तीनशे पानांचा प्रबंध शॉर्टकट करून टाकला होता.
तो पोरगा ओरडला नाही.
बाकावर बसून राहिला, झेरॉक्स मशीनकडे पाहत.
ते न ओरडणं मला अजून ऐकू येतं.

बाबा जागेच होते.
मिलच्या गेटवर एकतीस वर्षं, झोप तिथंच राहिली.
"पाळी सुटली की बाराशे माणूस.
एकेकाचा डबा उघडत बसलो असतो,
तर पुढचा भोंगा गेटातच वाजला असता."
मग?
"दर सातवा. अन् एखादा, तोंड पाहून.
गोदामाची फेरी जेवणाच्या सुटीत, साचे बंद असले की.
पहारा दिसला पाहिजे, बाई. आडवा नाही आला पाहिजे."

मुदत संपलेल्याला निरोप दिला.
सहजी गेला नाही. तीनदा विचारलं, नक्की का, नक्की का,
आणि जाताना कोपऱ्यात आपलं एक रिकामं फोल्डर ठेवून गेला.
दुसऱ्याचे जोडधंदे बंद केले:
खेळाचा वेग वाढवणं (इथं खेळतंय कोण?),
खरेदीला सल्ले देणं,
दर तासाला खिडकी उघडून स्वतःचीच पाठ थोपटणं.
फॉन्टांच्या फोल्डरकडे बोट दाखवून सांगितलं,
हे घरचे, यांना अडवू नको.
मोठी झडती दुपारी दोनला,
कुत्रंही चौक ओलांडत नाही तेव्हा,
मी शटर अर्धं ओढून भाकर खाते तेव्हा.

आठशेचे तीनशे दहा झाले.
डबा जुनाच. खोकतो अजून.
सकाळी पहिल्या बसनं ती आली.
निळं कडं फिरलं, मी श्वास धरला,
पावती छापून आली, गरम.
"गेला?"
"गेला."
तिनं कागदाची चौघडी केली
आणि आभार न मानता पायऱ्या उतरून पळाली.

रात्री दोनला शटरचं कुलूप वाजलं, तीनदा.
बाबांची फेरी.
एरवी मी चिडते, झोपा म्हणते.
काल नुसतं विचारलं, "होतं का कोणी?"
"नाही," म्हणाले. "पाहून आलो."