चंद्र काढायचा नसतो

पुस्तक एक, मुलं एकेचाळीस.
म्हणून मी ते छातीशी उघडं धरून बाकांमधून फिरवते,
आरतीचं तबक फिरवावं तसं,
आणि जो तो त्यातून आपापलं काहीतरी उचलतो.

गोष्ट एवढीशीच : एक साळिंदर रात्री घरी निघतं.
अक्षरं सोळा ओळी. बाकी सगळी रात्र,
निळी, त्याहून निळी, मग दौतीत बुडवल्यासारखी.

सातपूरची आमची शाळा.
समोरच्या कंपनीचा भोंगा झाला, पहिली पाळी सुटली
की आमचा चित्रकलेचा तास.
घरात असेल ते आणा, म्हटलं होतं.
प्रज्वल गांगुर्डेनं खराट्याच्या काड्या आणल्या.
इशरत पिंजारीनं मूठभर कापूस :
"पोटाला, बाई. काटे वरती असतात, खाली मऊच असणार."
हे पुस्तकात नव्हतं.
भाविन बोराडेनं लेथवरचा पितळेचा कीस आणला,
सोनेरी, कुरळा, आणि त्यानं स्वतःचंच बोट कापून घेतलं.
मी तो बिस्किटांच्या डब्यात बंद केला.
मग दिवसभर एकेक जण येऊन
डबा कानाशी धरून हलवून जायचा.

सहाव्या पानावर सुमेधा पगारे अडली.
"बाई, चंद्र कुठल्या रंगानं काढलाय?"
"पांढऱ्या."
तिनं त्यावरून बोट फिरवलं, मग नख.
"रंग नाहीच इथं. नुसता कागद आहे."

खरंच कागद होता.
चित्रकारानं सगळी रात्र रंगवली होती
आणि तेवढ्या गोलाला हात लावला नव्हता.

मला एलिमेंटरीला सी ग्रेड मिळाली होती.
स्मरणचित्र, विषय भाजीबाजार,
आणि गवारीच्या ढिगामागे पांढऱ्या फटी राहिल्या.
सर म्हणाले, कागद दिसता कामा नये.
तेव्हापासून मी तो दिसू दिलेला नाही,
माझा नाही, कुणाचाच नाही.
फळ्याच्या वर ऑइलपेंटनं लिहिलंय :
जागा रिकामी सोडू नये.
अक्षर माझंच.

त्या दुपारी ते कुणी वाचलं नाही.
कुणी गंगापूर धरणावरचा बगळा सोडला,
कुणी दुधाची पिशवी.
कुणी पांडवलेण्याच्या डोंगरावर धुकं सोडलं,
इतकं, की डोंगर उरलाच नाही.
प्रज्वलनं कागद जसाच्या तसा परत आणला.
"बकरी आहे, बाई. खूप जवळून."
"आणि शिंगं?"
"ती कागदाच्या बाहेर गेली."

सुमेधानं द्राक्षं काढली.
क्रेट, लांब टेबल, ट्यूबलाइट,
जाळीच्या टोप्या घातलेल्या बायकांची रांग.
तिची आई पिंपळगावकडच्या पॅकहाउसात जाते,
जानेवारी ते एप्रिल, पहाटे साडेपाचच्या गाडीनं,
थंडीत, ही झोपलेली असताना.
कागद कोपऱ्यापर्यंत भरलेला,
फक्त एका बाईचे हात सोडलेले.

"हातमोजे," मी म्हटलं, ओळखल्याच्या आनंदात.
"मोजे सगळ्यांनाच असतात."
तिनं बाकीच्यांचे दाखवले,
पांढऱ्या रंगानं रंगवलेले, जरासे पिवळट.
"हिचे हात मला नीट बघायला मिळाले नाहीत अजून.
सीझन संपला की काढीन."

मी लाल पेन खिशात ठेवलं.

चित्रं महिनाभर दोरीवर होती, कपड्यांच्या चिमट्यांत.
इशरतच्या साळिंदराचा कापूस चिमण्यांनी थोडाथोडा नेला.
परीक्षेनंतर ज्याचं त्याला दिलं.
सुमेधाला चित्रासोबत मी गव्हाळ रंगाच्या दोन वड्या दिल्या,
एक फिकट, एक गडद. आईचा रंग मला माहीत नव्हता.

जूनमध्ये ती आली नाही.
अंबडला खोली घेतली म्हणे, शाळा तिकडचीच.
हात काढले की तसेच राहिले,
कुणाला विचारावं?

पितळेचा डबा कपाटात आहे.
नवी मुलं विचारतात, यात काय आहे.
मी उघडत नाही,
कानाशी धरायला देते.