निळं रजिस्टर

मंगळवारी मी सडा ओलांडते.
खालच्या वाडीतून तांबळवाडीत, पाऊण तास.
पिशवीत लोहाच्या गोळ्या, झोळीचा वजनकाटा
आणि निळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर:
गरोदर माता, जन्म, वजन, मुलगा की मुलगी.

मार्च सरताना कातळ असा तापतो
की टेकायची सोय नाही.
भाद्रपदात इथंच सीतेची आसवं
निळी निळी उगवतात,
आत्ता सांगितलं तर शपथ घ्यावी लागेल.

मधे सोलकरांच्या कलमांचा गडगा.
त्यांचा तन्वीर शिकून आलाय.
त्यानं चिऱ्यांच्या फटीत बांबूच्या नळ्या खोचल्या,
बोटभर जाडीच्या, एका टोकाला पेर.
म्हणाला, ताई, जाता-येता बघाल का,
कुठली लिंपलीय, कुठली रिकामी?
म्हटलं, मोजणं एवढंच तर माझं काम.

माझ्या लेखी माशी म्हणजे पोळं,
राणी, आणि शेकडो जणी राबणाऱ्या.
ही एकटी.
हिची सुईण नाही, शेजारीण नाही.
पऱ्या आटला की विहिरीच्या दोणीशी येते,
सांडलेल्या पाण्याचा चिखल उचलते,
मुगाएवढा.
त्याचीच भिंत, त्याचंच दार.
आत परागाचा एक लाडू, लाडवावर अंडं.
दार लिंपायचं,
की पुढच्या खोलीला सुरुवात.
पोराचं तोंड तिला कधी दिसत नाही.

एप्रिलात तन्वीरनं एक नळी उभी चिरली.
खोल आत मोठे लाडू दोन. ह्या मुली, म्हणाला.
दाराकडे बारके बारके सात. हे मुलगे.
"अंडं कुठलं, ते आईच ठरवते,
फुलं बघून.
मुलीला जास्त लागतं. पुढं घर तीच बांधते ना.
यंदा करवंद करपली, अंजनी फुललीच नाही,
आमच्याच कलमांवर तीनदा फवारणी.
मग ती मुलगेच घालते.
स्वस्तात होतात."

मी चप्पल झटकत राहिले, उगाच.
सतरा वर्षं
मुलगा झाला की ह्या हातावर पेढा पडलाय,
मुलगी झाली की कुणीतरी हळूच
'बरं, पहिली बेटी' म्हटलंय,
दुसरीला तेवढंही नाही.
आणि इथं, ह्या फटीत,
मुलगा म्हणजे
आईला पुरेसं मिळालं नाही, ह्याची खूण.

नऊ नंबरची नळी तेवढी राहिली.
बाकीच्यांना भोकं पडली, पोरं उडून गेली,
हिचं दार तसंच.
मेली का रे?
त्यानं नळी कानाशी धरली, मग माझ्या.
काही ऐकू आलं नाही.
"थांबली असतील. काही जणी थांबतात.
एक वर्ष, कधी दोन.
सगळ्यांनी एकाच उन्हाळ्यात बाहेर पडायचं नाही,
वर्ष वाईट निघालं तर कुणीतरी आत हवं."

माझ्या रजिस्टरात दोन रकाने,
जिवंत आणि मृत.
नऊ नंबर कुठं लिहायची
मला सुचलं नाही. मी पेन्सिलीनं
समासात नऊ काढला, त्याला गोल केला.
तालुक्याच्या बैठकीत बाईंनी विचारलं, हे काय?
म्हटलं, ते माझं आहे.

पुढच्या मंगळवारी सुगंधा जुवाटकरच्या घरी,
देवगडच्या दवाखान्यातून आदल्या दिवशीच आलेली.
सासू दारातच. "परत चेडूच."
मी झोळी बांधली, काटा धरला.
तीन किलो शंभर.
परत बघितलं. तीन किलो शंभर.
"आवशीन पोटभर खाल्ल्यान हा," मी म्हटलं,
"वरीस बरा गेला तुमचा."
सासूला कळेना, ही शाबासकी की टोमणा.
तिनं चहा टाकला.

येताना ऊन कललं होतं.
दोणीशी चिखल ओला होता, कुणीतरी कळशी भरून गेलेलं.
गडग्याशी वाकून पाहिलं,
नऊ नंबर बंद.
नखानं टोकरावं असं वाटलं,
टोकरलं नाही.